दिगू, तू उठायला नको होतंस

दिगू,

काल आमच्या पेपरात तुझी बातमी आली. पहिल्या पानावर, खालच्या अंगाला, फोटोसकट. बातमी हिंदीत होती, कारण आमचा पेपर हिंदी, आणि ती मी लिहिलेली नाही. नव्या उपसंपादकाने लिहिली. तुझं नाव, पदव्या, दरबारच्या नोकरीतली वर्षं, विलीनीकरणानंतरची नेमणूक, सगळं बरोबर आहे. शेवटी लिहिलंय की हृदयगती रुकल्याने तुझं निधन झालं.

या वाक्यावरून तू मला आयुष्यभर छळलंस. दर शनिवारी आमच्या कचेरीचा जिना चढून यायचास, चहा मागवायचास आणि आठवड्याच्या मृत्यूच्या बातम्यांवरून बोट फिरवायचास. "तुमच्याकडे सरदार मेला तरी हृदयगती रुकते, हलवाई मेला तरी रुकते. अरे, मेलेल्या प्रत्येकाचं हृदय थांबलेलंच असतं. कशाने थांबलं ते लिही ना!"

"तेवढी जागा नसते," मी म्हणायचो.

"माझ्याकडेही नसते," तू म्हणायचास. तुला वॉर्डातली जागा म्हणायची असायची.

तर कशाने थांबलं ते आता इथे लिहितो.

चांगलं काय ते आधी सांगून मोकळा होतो. तू येण्यापूर्वी आपल्या इस्पितळात हृदयाच्या रोग्यांना कोपऱ्यातल्या खाटा द्यायचे, कारण तिथून स्ट्रेचर बाहेर काढायला सोपं पडायचं. हार्ट फेल म्हणजे माणूस एका क्षणात जातो, अशी माझीही समजूत होती. तू ती काढलीस. बहुतेकांचं हृदय बंद पडत नाही, ते थकतं, म्हणालास. रहाटाचा बैल थकला की पाणी विहिरीतच राहतं, तसं शरीरातलं पाणी जागच्या जागी साचतं. आधी पायांत, मग पोटात, मग छातीत. माणूस कोरड्या खाटेवर बुडतो. त्याला झोपवून ठेवा, मीठ तोडा, डिजिटालिस मोजून द्या, पाऱ्याचं इंजेक्शन देऊन पाणी काढा, की तो महिने, कधी वर्षंही काढतो. फक्त रोज कुणीतरी त्याच्याकडे नीट बघायला हवं.

बघण्यासाठी तू काटा आणलास. दाल बाजारातल्या एका व्यापाऱ्याकडे डाळीची पोती तोलायचा जुना प्लॅटफॉर्मचा काटा पडून होता. त्याच्या बापाला तू बरं केलं होतंस. काटा हातगाडीवरून वॉर्डात आला तेव्हा सगळं लष्कर शहर हसलं. इस्पितळात आता माणसं पोत्याच्या भावाने तोलतात, असं आमच्या पेपरात छापून आलं, आणि तू ते कात्रण काट्यालाच चिकटवून ठेवलंस. रोज सकाळी रोगी एकेक करून त्याच्यावर उभे राहायचे. वजन वाढलं की पाणी वाढलं, सूज दिसायच्या आधीच तुला कळायचं. घरी सोडलेल्यांनी दर गुरुवारी परत यायचं, काट्यावर उभं राहायचं, इंजेक्शन घ्यायचं आणि घरी जायचं. गुरुवारी तुझ्या व्हरांड्यात जत्रा असायची. दतियाहून, भिंडहून माणसं यायची. ती जिवंत होती, दिगू. तुझ्यामुळे होती. हे मी उपकाराच्या भाषेत लिहीत नाही. मी ती बघितली आहेत.

माझी आई त्यांच्यातलीच. तिला तू तीन वर्षं जास्त दिलीस. ती तुला शिव्या द्यायची. "दिग्या मेल्या, भाजीत मीठ नाही, वरणात मीठ नाही, मला काय जिवंतपणी पिंड भरवतोस?" तू खाटेच्या कडेला बसून ऐकून घ्यायचास आणि बोलता बोलता अंगठ्याने तिचा घोटा दाबायचास. अंगठा उचलल्यावर खड्डा राहतो का बघायचास. ती कधी उठून बसली नाही, पदर सावरला नाही, बरं वाटतंय म्हणाली नाही. जांभळं पाडल्याबद्दल तुला लहानपणी तिने फुंकणीने बदडलं होतं. तुझ्यापुढे नीट दिसायची तिला काय पडली होती? ती होती तशी तुला दिसली. म्हणून ती वाचली, असं मला पुढे कळलं.

आता नियमाचं.

रियासत मध्य भारतात विलीन झाली तेव्हा इस्पितळातले दोन वॉर्ड एकत्र आले. एक दरबारच्या माणसांचा, एक रयतेचा. खाटा कमी झाल्या आणि रोगी तेवढेच राहिले. दरबारी वॉर्डात चिठ्ठीवर खाट मिळायची हे गावाला माहीत होतं. कुठल्या सरदाराचा मेहुणा पाय दुखतो म्हणून पावसाळाभर पडून असायचा आणि व्हरांड्यात फरशीवर कुणी निळ्या ओठांनी धापा टाकत असायचा. तुला त्याची चीड होती. तू चिठ्ठ्या बंद केल्यास आणि नियम केलास. रोगी एका उशीवर धाप न लागता झोपतो का, अंगठा दाबल्यावर पायात खड्डा राहत नाही ना आणि आधाराशिवाय वॉर्डाच्या दारापर्यंत चालत जातो का. तिन्ही जमलं की घरी. मग तो कुणीही असो. पुढचं वजन गुरुवारी.

मी त्या नियमाची स्तुती छापली होती. स्तुती करण्यासारखाच तो होता. कुठल्या जातीचा, कुठल्या वाड्यावरचा, कुणाच्या ओळखीचा, काही विचारायचं नाही. चालतोस का, बस.

पहिलं भांडण झालं ते रामरावांवरून. रामराव रियासतीच्या रिसाल्यातले जुने हवालदार, फौज मोडल्यावर पेन्शनीत निघालेले. तुझ्या राउंडची चाहूल लागली की ते खाटेवरून उतरायचे, कोटाची बटणं लावायचे आणि टाचा जुळवून उभे राहायचे. तुझ्या लाडक्या रोग्यांपैकी एक. "रामराव, कसं काय?" "ठीक, सरकार." दारापर्यंत चालायला सांगितलंस तर कवायतीसारखे चालत गेले. तू त्यांना घरी सोडलंस. ते गुरुवारी आले नाहीत.

मी तेव्हा फौजेतून निघालेल्या माणसांवर लिहीत होतो म्हणून छावणीत गेलो, तर रामराव पडवीत भिंतीला टेकून बसलेले. पाय घड्यासारखे. बसल्याबसल्या धाप लागत होती. मी म्हटलं, रामराव, इस्पितळात तर तुम्ही ताठ उभे होतात.

त्यांना राग आला. "डॉक्टरसाहेब आले आणि आम्ही लोळत पडायचं? रिसाल्यातली माणसं आम्ही! तेवढी रीत आहे अजून."

"पण तुम्हाला उभं राहवत होतं का?"

"ते गेले की पडायचो ना," रामराव म्हणाले. "ते असेपर्यंत काय प्रश्न आहे!"

त्याच आठवड्यात ते गेले. मी येऊन तुला शब्दाला शब्द सांगितलं. तुला आठवतं तू काय म्हणालास? "मी त्याला उभं राहा म्हटलं नव्हतं."

"बसा म्हटलं होतंस?"

"मी कवायतमास्तर नाही. मी पाय बघतो, श्वास बघतो."

"तू येण्याआधी त्याने सगळी रात्र तीन उशांवर काढली असेल तर ते कुठे दिसतं?"

तू चहा अर्धा टाकून उठलास. पुढच्या शनिवारी आलास तेव्हा दुसराच विषय काढलास. मीही काढू दिला. हे भांडण आपण असं कितीदा अर्धवट सोडलं. तुझं म्हणणं असायचं की चुकला तर एखादाच चुकतो, आणि नियम काढला तर चिठ्ठ्या परत येतात. माझं म्हणणं मी कधी पुरतं मांडलं नाही, कारण माझ्याकडे एकच रामराव होते आणि तुझ्याकडे गुरुवारचा भरलेला व्हरांडा.

मग राज्याची पुनर्रचना झाली. मध्य भारत गेला, राजधानी भोपाळला गेली, आणि कचेऱ्यांची कपाटं ट्रकात चढायला लागली. निम्मं गाव भोपाळला कोण जाणार आणि कोण नाही याच्या गोष्टी करत होतं. इस्पितळही आता भोपाळच्या खात्याखाली आलं. खात्याचा एक माणूस आला आणि सामान तपासून गेला. काटा सरकारी सामानात कुठेच नव्हता. एका डाळवाल्याची देणगी! तो मागच्या गोदामात गेला. घरी सोडलेल्या रोग्याने परत यायचं तर बाह्यरुग्ण विभागात नव्याने रांगेत यावं, असं ठरलं, म्हणून गुरुवारही बंद झाला. तुझी बदली रीव्याला झाली आणि तुझ्या जागी जबलपूरहून डॉक्टर तिवारी अधीक्षक म्हणून आले. नियम तेवढा राहिला. खात्याला तो फार आवडला होता. त्यात काट्याचं काम नव्हतं, गुरुवारचं नव्हतं, माणूस दारापर्यंत गेला की खाट मोकळी. खात्याच्या लेखी तो रोगी बरा झाला. पुन्हा सुजून आला तर नवा रोगी, आणि घरी मेला तर इस्पितळाशी संबंध नाही. वॉर्डाचे आकडे तुझ्या काळातल्यापेक्षा चांगले दिसायला लागले. तिवारींनी मला ते अभिमानाने सांगितले, आणि ते खोटं बोलत नव्हते.

तू रीव्याला गेलाच नाहीस. आमच्या जिन्यावर अर्ध्यात थांबलास. चहावाला वर येऊन म्हणाला की डॉक्टरसाहेब खाली बसलेत. मी उतरलो तर तू पायरीवर, एका पायातला बूट काढलेला, मोजा खाली केलेला. अंगठा घोट्यावर दाबून धरला होतास. उचललास. खड्डा तसाच राहिला. आपण दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो.

"घे," तू म्हणालास, "आता मी तुझ्या पेपरच्या कामाचा झालो."

तुला वॉर्डात खाट मिळाली ती चिठ्ठीशिवाय. पाणी छातीपर्यंत आलेलं होतं, दुसरं कारण लागलं नाही. पहिल्या इंजेक्शनांनी बरंच पाणी उतरलं. तू उशा एकेक करून कमी केल्यास. मी आणि वहिनी समोर असताना तू स्वतःचा हिशेब मांडलास, एखाद्या परक्या रोग्याचा मांडावा तसा: "सूज गेली म्हणजे हृदय सुधारलं असं नाही. मला अजून तीन-चार आठवडे आडवं राहिलं पाहिजे. उठायचं नाही, बोलायचं नाही. तेवढं मिळालं तर वर्ष-दोन वर्षं बघेन. घरी गेलो तर संपलो."

वहिनी म्हणाल्या, "घरी कसं जमेल? घरी दिवसभर माणसं येतात, आणि हे प्रत्येकाला जिन्यापर्यंत पोचवायला जातात. मी सांगून थकले." मग माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, भोपाळला तुमच्या ओळखी आहेत. एक शब्द टाका. महिनाभर हलवू नका म्हणावं, एवढंच."

तू डोळे मिटून ऐकत होतास. म्हणालास, "शब्द टाकलास तर मी आत्ता उठून घरी जातो."

"बाबा सुनते ही नहीं हैं किसी की," तुझा अरुण मला बाहेर म्हणाला. "काका, तुम्ही गुपचूप करा ना, उन्हें बताना क्या ज़रूरी है?"

मी भोपाळला काही कळवलं नाही. तुझा शब्द मोडायचा नाही म्हणून नव्हे. गरज पडेल असं वाटलं नाही. तिवारी सज्जन होते, तू डॉक्टर होतास, स्वतःची अवस्था त्यांना चार वाक्यांत सांगू शकत होतास. रामरावांना ते जमलं नसतं. तुला जमणार होतं.

तिवारी राउंडला आले तेव्हा मी तिथे होतो. सकाळचे उन्हाचे पट्टे फरशीवर पडले होते. दाराशी, भिंतीला लागून, एक रेल्वेचा हमाल बसवलेला होता, खाट मोकळी व्हायची वाट बघत. त्याला श्वास पुरत नव्हता. तू त्याच्याकडे सकाळपासून बघत होतास, हे मी बघितलं. बुटांचे आवाज आले तसा तू वहिनींना म्हणालास, "कोट."

"अहो, पडून राहा ना. ते डॉक्टरच आहेत."

"अधीक्षक आहेत. कोट दे."

तू खाटेवरून उतरलास. बटणं लावलीस, वरचंसुद्धा. तिवारी खाटेशी आले तेव्हा तू उभा होतास आणि हात जोडलेले होते. त्यांनी आदराने तुझी नाडी बघितली, पायावर अंगठा दाबला. पायात खड्डा राहिला नाही. खाटेवर एकच उशी होती. त्यांनी विचारलं, "कैसी तबीयत है, डॉक्टर साहब?"

आता सांगशील, असं मला वाटलं. दिगू, मी अक्षरशः वाट बघत होतो. तीन-चार आठवडे, उठायचं नाही, घरी गेलो तर संपलो. तेवढंच वाक्य.

"आपकी कृपा है," तू म्हणालास.

ते निघाले. आणि तू त्यांच्याबरोबर निघालास. आपल्या घरी आलेल्या माणसाला दारापर्यंत सोडायला जातात तसा, अर्धं पाऊल मागे, जरासा वाकून. वहिनींनी "अहो" म्हटलं ते तुला ऐकू आलं असेल. खाटांच्या रांगेतून तू चालत गेलास. दाराशी तिवारी वळले आणि त्यांना तू दिसलास. त्यांचा चेहरा उजळला.

"अरे वाह, डॉक्टर साहब! आप तो दरवाज़े तक आ गए! अपने ही क़ायदे में पास हो गए!"

बरोबरचे सगळे हसले. तूही हसलास आणि पुन्हा हात जोडलेस. बोलला नाहीस, कारण बोलायला श्वास नव्हता. त्यांना ती संमती वाटली. खाटेपर्यंत परत येताना तू दोन ठिकाणी खाटांच्या कठड्याला धरून थांबलास, पण तोवर ते पुढच्या वॉर्डात गेले होते.

मी त्यांच्या मागे गेलो. त्यांनी माझं सगळं ऐकलं. "देखिए, नियम उन्हीं का बनाया हुआ है," ते म्हणाले. "मैं उन्हीं के लिए तोड़ूँ, तो ये उनका अपमान होगा। और दरवाज़े पर जो आदमी बैठा है, उसे क्या कहूँ? कि डॉक्टर साहब बड़े आदमी हैं?" या माणसावर मला रागावता आलं नाही. हे सगळं मी तुझ्याच तोंडून वर्षानुवर्षं ऐकलं होतं. दुपारी तुझ्या खाटेवर तो हमाल झोपला.

टांग्यात तू म्हणालास, "त्याला खाट मिळाली ना?" मी हो म्हटलं. वहिनी रस्त्याकडे बघत बसल्या.

घरी तुझ्याकडे माणसं आली. वहिनींनी सांगितलं होतं तसं झालं. तुझे जुने रोगी आले, नातेवाईक आले, मराठी समाजाच्या गणपतीचे कार्यकर्ते आले. तू प्रत्येकासाठी उठलास. वहिनींनी जिन्याच्या तोंडाशी खुर्ची आडवी घातली, तर ती तू बाजूला केलीस. आठवड्यात पाय पुन्हा सुजले. रात्री बसून काढायला लागलास. कंपाउंडर इंजेक्शन द्यायला यायचा. पाणी उतरायचं आणि तू ते चालून परत भरायचास.

एका दुपारी मी तुला विचारलं, तू त्यांना का सांगितलं नाहीस. तू गादीच्या वळकटीला टेकून बसला होतास. बराच वेळ श्वास घेत राहिलास. मला वाटलं, आता हे भांडण संपेल. रामरावांचं नाव घेशील, निदान त्यांना बसवायला हवं होतं एवढं म्हणशील.

"नियम बरोबर होता," तू म्हणालास. "रोगी चुकीचा होता."

आणि हसलास. मी हसलो नाही, पण काही बोललोही नाही, कारण तुला बोलण्याची धाप लागत होती. ते उत्तर आता देतो.

रोगी चुकीचा नव्हता, दिगू. तसाच रोगी तुझ्याकडे आयुष्यभर येत होता. फौजेतले, दरबारातले, हुजरे, पुजारी, कारकून आणि त्यांचं बघून शिकलेलं सगळं गाव. मोठा माणूस आला की उठायचं, विचारलं की ठीक आहे म्हणायचं, निघाला की दारापर्यंत जायचं. तुझ्या वॉर्डात सगळ्यात मोठा माणूस तू होतास. तुझ्या नियमाने तू रोग्यांचं हृदय तपासत नव्हतास, त्यांची रीत तपासत होतास, आणि जो जास्त रीतीचा त्याला आधी घरी पाठवत होतास. काटा होता तोवर चूक गुरुवारी सापडायची. ज्यांची सापडली नाही त्यांना तू विसरलास. माझ्या आईला तू वाचवलंस ते ती तुला मानत नव्हती म्हणून. हे मी तुझ्या तोंडावर बोलायला हवं होतं, तुझ्यात ऐकायचं बळ होतं तेव्हा. बळ होतं तेव्हा तू चहा टाकून उठून जायचास.

तुझ्या शेवटच्या दिवशी आलेला माणूस रोगी नव्हता. महसूल खात्यातला एक कारकून. त्याची भोपाळला बदली झाली होती आणि त्याला जायचं नव्हतं, म्हणून हृदयाच्या आजाराचा दाखला हवा होता. मला हे वहिनींनी सांगितलं. धडधाकट, गालफडं भरलेली, तीन जिने पळत चढून आलेला. तू त्याची छाती नीट तपासलीस. "तुझं हृदय उत्तम आहे," म्हणालास, "खोटा दाखला देणार नाही." तो हिरमुसला. त्याला वाईट वाटू नये म्हणून तू त्याला जिन्यापर्यंत पोचवायला गेलास. परत आलास, वळकटीला टेकलास आणि वहिनींकडे पाणी मागितलंस. त्या घेऊन आल्या तेव्हा पाणी प्यायला तू उरला नव्हतास.

वहिनी रडल्या नाहीत. तिवारी भेटायला आले तेव्हा वहिनींनी त्यांना बसायला सांगितलं, चहा दिला. तिवारी खरोखर हळहळले. निघाले, तर अरुण सवयीने उठला. वहिनी म्हणाल्या, "बस खाली." तिवारी एकटेच जिना उतरले.

आज सकाळी इस्पितळात तुझी शोकसभा झाली. तिवारींच्या मनात आलं की ती तुझ्याच वॉर्डात व्हावी. कल्पना चांगली होती. ते तुझ्याबद्दल चांगलं बोलले, नियमाबद्दलही बोलले. मग म्हणाले, दोन मिनिटं मौन पाळूया. डॉक्टर, सिस्टर, कंपाउंडर, सगळे उभे राहिले. आणि खाटांवरून रोगी उतरायला लागले. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. मी जवळच्याला म्हटलं, तुम्ही पडून राहा, तुम्हाला माफ आहे. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी अभद्र बोललो होतो. कठड्यांना धरून, एकमेकांच्या खांद्याला धरून, पण बहुतेक कशालाही न धरता ते उभे राहिले. माना खाली. त्यांच्या श्वासांचा आवाज खोलीभर होता. मौन त्याला म्हणवत नव्हतं.

मौन संपल्यावर तिवारींनी रांगेवरून नजर फिरवली. डोळे पुसून हाताखालच्या डॉक्टरला हळू आवाजात काही सांगितलं.

मी दुपारी पेपरसाठी सभेची माहिती घ्यायला परत गेलो. फाटकाशी एक टांगा उभा होता. मुरारचा एक म्हातारा शिंपी घरी चालला होता. तुझ्या मौनाला माझ्या समोरच्या खाटेपाशी उभा होता तो. त्याला तिघांनी उचलून टांग्यात चढवलं. बोलण्यापूर्वी तो बराच वेळ धापा टाकत राहिला. पण खुश होता. मला ओळखून हात जोडले.

"बड़े डॉक्टर साहब के लिए खड़ा हुआ था, बाबूजी," तो म्हणाला. "उन्हीं के पुन्न से आज छुट्टी मिल गई।"